विकत घेतलेला अभाव

एखादा व्हिडिओ गेम एकाच कन्सोलवर मिळावा, इतर कन्सोलवर मिळू नये किंवा उशिरा मिळावा, असा करार कन्सोल बनवणारी कंपनी आणि गेमचा प्रकाशक यांच्यात झाला की त्या गेमला एक्सक्लुझिव्ह म्हणतात. ही पद्धत नवी नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या निन्टेन्डोच्या एनईएस या कन्सोलमध्ये कुलपाचे काम करणारी एक चिप होती. कंपनीने मंजूर न केलेली कार्ट्रिज त्यावर चालू नयेत, यासाठी ती बसवलेली होती. परवाना घेणाऱ्या प्रकाशकाला वर्षाला पाचच गेम काढता येत, कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यावी लागत, आणि तो गेम दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही कन्सोलवर आणणार नाही अशी हमी द्यावी लागे. १९९० च्या सुमारास ही हमीची अट निन्टेन्डोने सोडून दिली.

आता अशी सरसकट अट नसते. एकेका गेमचा सौदा पैसे मोजून होतो. कन्सोल सहसा थोड्या नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही विकला जातो. खरी कमाई नंतर सुरू होते, कारण त्या कन्सोलच्या दुकानात इतरांचा जो गेम विकला जाईल त्याच्या किमतीतला साधारण ३० टक्के वाटा कन्सोलच्या कंपनीकडे जातो. कन्सोल घेतलेला ग्राहक पुढची काही वर्षे तिथेच खरेदी करत राहतो. म्हणून लोकांना हवाहवासा वाटणारा गेम फक्त आपल्याकडे असण्याला त्या एका गेमच्या विक्रीहून कितीतरी अधिक मोल येते.

इथपर्यंतचे सगळे व्यापाराचे आहे. नीतीचा प्रश्न उभा राहतो तो गेम या वस्तूच्या स्वभावामुळे. धान्य, जमीन, पाणी मुळातच मर्यादित असते, त्यामुळे कोणाला मिळावे आणि कोणाला नाही हे कुठेतरी ठरवावेच लागते. गेमचे तसे नाही. एकदा तयार झाल्यावर त्याची आणखी एक प्रत काढायला जवळजवळ काही लागत नाही आणि एकाच्या खेळण्याने दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही. दुसऱ्या कन्सोलसाठी गेम जुळवून घ्यायला खर्च येतो हे खरे, पण मोठ्या गेमच्या बाबतीत विक्री वाढणार असल्याने प्रकाशक तो आपणहून करतो. टंचाई इथे आपोआप येत नाही, ती घडवावी लागते, आणि ती घडवण्यासाठी पैसे दिले जातात. दुसऱ्याला काही मिळू नये म्हणून पैसे देणे न्याय्य आहे का?

पहिले उत्तर बहुतेकांच्या तोंडी तयार असते: ज्याला गेम मिळाला नाही त्याचे काहीच गेले नाही. गेम त्याचा नव्हता, त्याने पैसे दिलेले नव्हते, त्याचा कन्सोल काल होता तसाच आज आहे. भारतीय दर्शनांच्या इतिहासात या युक्तिवादाचा एक पूर्वज सापडतो. प्राभाकर मीमांसक म्हणत की अभाव असा वेगळा पदार्थ नाहीच. जमिनीवर घट नाही याचा अर्थ एवढाच की तिथे नुसती जमीन आहे. नैयायिकांनी हे मान्य केले नाही. त्यांच्या मते अभाव हाही पदार्थ आहे, त्याचे प्रकार आहेत, आणि तो कशाचा अभाव आहे हे सांगितल्याशिवाय त्याचे ज्ञान पुरे होत नाही. तर्कसंग्रहात अन्नंभट्टाने त्याचे चार प्रकार दिले आहेत. त्यांतला प्रागभाव म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचे तिचे नसणे. त्याला आरंभ नाही, पण वस्तू उत्पन्न झाली की तो संपतो.

न तयार झालेला प्रत्येक गेम असा प्रागभावात असतो आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र न्यायशास्त्रात प्रतिबंधकाचाही विचार आहे. अग्नी आहे, सुके लाकूड आहे, तरी जवळ चंद्रकांत मणी ठेवला तर दाह होत नाही, हे त्यांचे ठरलेले उदाहरण. दाहाच्या कारणांत नैयायिक प्रतिबंधक नसणे हेही एक कारण धरतात. एक्सक्लुझिव्हचा करार नेमका त्या मण्याच्या जागी बसतो. गेम तयार आहे, तो बनवणारे कुशल आहेत, घेणारे उत्सुक आहेत, सगळी कारणसामग्री जमलेली आहे, आणि मध्ये एक कागद आहे. अशा वेळी ‘काहीच गेले नाही’ हे उत्तर पुरत नाही, कारण जे एरवी झालेच असते ते कोणीतरी होऊ दिलेले नाही.

यावरून दोन प्रकारचे करार वेगळे काढता येतात. बायोनेटा हा प्लॅटिनमगेम्सचा गेम २००९ मध्ये सेगाने प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० यांवर आणला. दुसऱ्या भागाचा भार निन्टेन्डोने उचलला, आणि २०१४ मध्ये तो फक्त निन्टेन्डोच्या वी यू या कन्सोलवर आला. आधीच्या कन्सोलवरचे चाहते संतापले. पण निन्टेन्डो नसते तर हा गेमच झाला नसता, असे बनवणाऱ्यांनी स्पष्ट सांगितले होते. इथे पैशाने एक वस्तू अस्तित्वात आली. ती इतरत्र नसणे हा त्याचा परिणाम आहे, पण निन्टेन्डोचे पैसे त्या नसण्यासाठी गेलेले नाहीत. ज्याने घर बांधले त्याच्याकडे, घर माझ्यासाठी का नाही बांधलेस, असे मागता येत नाही. चाहत्यांचे दुःख खरे होते, त्यांची तक्रार मात्र टिकणारी नव्हती.

राइझ ऑफ द टूम रेडर या गेमची गोष्ट वेगळी आहे. लारा क्रॉफ्टची ही मालिका १९९६ पासून निरनिराळ्या यंत्रांवर चालत आलेली, आणि तिचा २०१३ चा भाग प्लेस्टेशन, एक्सबॉक्स व संगणक या तिन्हींवर निघालेला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये जर्मनीतल्या गेम्सकॉमच्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या मंचावरून जाहीर झाले की पुढचा भाग २०१५ च्या अखेरीस फक्त एक्सबॉक्सवर येणार. प्रकाशक स्क्वेअर एनिक्स काही बुडत नव्हता, आधीच्या भागाचे कथानक पुढे चालू ठेवायचेच होते. मायक्रोसॉफ्टने प्रसिद्धीचा आणि प्रकाशनाचा भार घेतला हे मान्य करावे लागेल, त्यामुळे हा निव्वळ अभावाचा सौदा म्हणता येणार नाही. तरीही त्याचा गाभा अभावाचाच होता, कारण गेम प्लेस्टेशन ४ वर येऊ नये यालाच तर किंमत होती. गेम एक्सबॉक्सवर १० नोव्हेंबर २०१५ रोजी आला, संगणकावर जानेवारी २०१६ मध्ये आणि प्लेस्टेशन ४ वर ११ ऑक्टोबर २०१६ रोजी. अकरा महिन्यांचे नसणे हा या व्यवहारातला विकाऊ माल होता. याच मालिकेबाबत सोनीनेही १९९७ मध्ये तेच केले होते: तेव्हाचा प्रकाशक आयडॉस याच्याशी करार करून २००० सालापर्यंत कन्सोलवरच्या टूम रेडरला प्लेस्टेशनपुरते बांधून घेतले होते. तेव्हा इथे एका कंपनीला खलनायक ठरवण्याचे कारण नाही.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आत्मसंरक्षणाचा विचार करताना कृतीतला हेतू आणि तिच्यासोबत ओघाने येणारा परिणाम वेगळे काढले. ती रेघ इथे उपयोगी पडते. बायोनेटा २ मध्ये वंचना ओघाने आली, टूम रेडरमध्ये ती हेतूतच होती. कसोटी अशी लावता येते: समजा करार झाल्यावर इतर कन्सोलवाल्यांनाही तो गेम कसाबसा मिळाला असता, तर पैसे देणाऱ्याला आपले पैसे वाया गेले असे वाटले असते का? जिथे उत्तर निखळ ‘हो’ येते, तिथे दुसऱ्याचे न मिळणे हीच खरेदी होती.

अशा करारांना स्पर्धेचा आधार दिला जातो. मायक्रोसॉफ्टने ६८.७ अब्ज डॉलरना अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही गेम बनवणारी कंपनी घेण्यावरून जो खटला चालला, त्यात जून २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात सांगितले की आपल्या हातात असते तर एक्सक्लुझिव्ह ही पद्धतच आपण मोडली असती, पण बाजारात पुढे असलेल्याने स्पर्धेची रीत तशी पाडली आहे. मागे पडलेल्याची ही अडचण खरी आहे. पण त्यातून एवढेच निघते की एकट्याने थांबणे महाग पडते. थांबू नये असे त्यातून निघत नाही. खेळणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर दोन कंपन्यांच्या या चढाओढीचा खर्च दुसऱ्या कन्सोलच्या किमतीच्या रूपाने त्याच्यावर पडतो, किंवा महिनोन्महिने थांबण्याच्या रूपाने.

वचन मोडले जाते तेव्हा मात्र हेतू शोधत बसण्याचीही गरज उरत नाही. फीनिक्स पॉइंट हा गेम २०१७ मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिला. एक्स-कॉम या गेमचे जनक ज्युलियन गोलप यांच्या स्टुडिओने साडेसात लाख डॉलरहून अधिक जमवले, आणि वर्गणीदारांना स्टीम किंवा जीओजी या दुकानांवरची प्रत देण्याचे कबूल केले. मार्च २०१९ मध्ये स्टुडिओने एपिक गेम्स स्टोअर या दुकानाशी वर्षभराचा एक्सक्लुझिव्हचा करार केला. ज्यांना हे नको त्यांना पैसे परत देऊ केले गेले. परतावा हा प्रामाणिकपणाचा भाग होता, परंतु त्याने वचन पाळले गेले असे होत नाही. वर्गणीदाराने वस्तू विकत घेतली नव्हती, वस्तू नसताना विश्वास ठेवला होता. प्राभाकरांचा युक्तिवाद इथे कोणीच उचलू शकत नाही, कारण या माणसाचे काहीतरी खरोखर गेले होते.

खोटेपणा वचन न मोडताही होतो. टूम रेडरच्या घोषणेत ‘फक्त एक्सबॉक्सवर’ एवढेच शब्द होते. या कराराला मुदत आहे, हे एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी नंतर मुलाखतीत विचारल्यावर सांगितले, आणि ती किती हे तेव्हाही सांगितले नाही. जो गेम वर्षभरात आपल्याकडे येणार आहे तो कधीच येणार नाही असे समजून कोणी दुसरा कन्सोल विकत घेतला, तर त्याला तसे समजू देणारा त्या फसगतीत सहभागी आहे. प्रागभावाला अत्यंताभाव, म्हणजे कधीच न संपणारे नसणे, म्हणून विकणे हा या धंद्यातला सर्वांत मोठा दोष, आणि तो दूर करायला धंदा मोडावा लागत नाही. २०२० मध्ये सोनीच्या कन्सोलवर आलेल्या फायनल फँटसी ७ रीमेकच्या वेष्टनावर त्याची वर्षभराची मुदत छापलेली होती.