पांढरी फीत, गुलाबी फीत

सोमवारी सरकार पक्ष, गुरुवारी बचाव पक्ष. लंडनमधल्या कनिष्ठ फौजदारी बॅरिस्टरचा आठवडा असा जातो. सरकारी खटल्याच्या कागदांना परंपरेने पांढरी फीत बांधतात, बचावाच्या कागदांना गुलाबी. काळा झगा आणि घोड्याच्या केसांचा विग तोच राहतो. कोणते कागद माझ्या वाट्याला येतील ते चेंबर्सचा क्लार्क बघतो. साताऱ्याची माझी आत्या फोनवर विचारते, "अगं, पण तुझं मन कोणाच्या बाजूला असतं? मन नसेल तिथं बोलणं पाप नाही का?"

प्रश्न रास्त आहे. बॅरिस्टरांचा नियम म्हणतो, काम आपल्या क्षेत्रातलं असेल, वेळ असेल आणि फी वाजवी असेल, तर अशील आवडला नाही म्हणून त्याला नाकारता येत नाही. १७९२ मध्ये टॉमस अर्स्किनने टॉमस पेनचं वकीलपत्र घेतलं. 'राइट्स ऑफ मॅन' या पुस्तकापायी पेनवर खटला भरला होता. अर्स्किन तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्सचा अॅटर्नी जनरल होता. खटला तो हरला आणि पदही गेलं. वकीलच अशिलाचा न्याय करू लागला, तर सुनावणीआधीच निकाल लागतो, असं त्याचं म्हणणं. मला ते मनापासून पटतं. तरी आत्याचा प्रश्न उरतोच.

आपली माणसं यावर लगेच गीता सांगतात: कर्म कर, फळाची आशा धरू नकोस. इथं मला ते पुरत नाही. फळ माझं असतं तर सोडलं असतं. ते पडतं दुसऱ्याच्या पदरात. कोर्टाच्या तळघरातल्या कोठडीत विशीतला मुलगा समोर बसून नखं कुरतडत असतो. त्याच्या तुरुंगवासाविषयी मी निरिच्छ राहायचं, ही कसली विरक्ती?

सोडायची ती जिंकण्याची ओढ, हे मला सरकार पक्षाकडून उभं राहताना समजलं. मारामारीचा खटला होता. पोलिसांनी न वापरलेल्या साहित्याच्या यादीत तळाशी शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं. मी ते मागवलं. पहिला धक्का फिर्यादीनेच दिलेला त्यात स्वच्छ दिसत होता. आपल्या खटल्याला बाध आणणारं असं साहित्य सरकार पक्षाने बचावाला द्यावं, हे १९९६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पण कायदा नसता तरी ते दाबून ठेवून मला कोर्टात ताठ मानेने उभं राहता आलं नसतं. संध्याकाळच्या आत ते विरुद्ध बाजूच्या बॅरिस्टरच्या हाती पोचलं.

बचाव करतानाही मर्यादा आहे. 'मीच केलं' असं अशिलाने मला सांगितलं, तरी त्याच्यासाठी उभं राहता येतं. पण त्याने केलं नाही असं मी ज्युरीला सुचवू शकत नाही, दुसऱ्या कोणावर बोट दाखवू शकत नाही. दिवा होता का, अंतर किती होतं, चेहरा किती वेळ दिसला, एवढंच साक्षीदाराला विचारायचं. गुन्हा शाबीत करण्याचा भार सरकारवर, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३५ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलंय. तो भार पेलला की नाही, ते ज्युरीतले बारा जण ठरवतात. पापाची रेघ मला इथं दिसते: खोटं आहे हे ठाऊक असताना ते खरं म्हणून मांडणं.

आत्याला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि ती साक्षीदार बाई?"

तिला माझ्याकडे उत्तर नाही. बाई खरं बोलत असेल, तर माझ्या नियमात बसणाऱ्या प्रश्नांनीही तिला जखम होते. ते ओझं कोणताही नियम माझ्या डोक्यावरून उतरवत नाही. म्हणून उलटतपासणीच्या आदल्या रात्री मी प्रश्नांची यादी पुन्हा काढते, आणि जे अशिलाच्या बचावाला लागत नाहीत ते एकेक करून खोडते.