काचेची करवत

सौंदर्य आणि उपयुक्तता ह्यांत विरोध आला, तर कोणाला मान द्यावा? हा प्रश्न जुनाच आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात करवतीचा दाखला दिला आहे. काच लोखंडाहून देखणी खरी. तरीही कारागीर करवत लोखंडाचीच घडवतो, कारण काचेचे देखणेपण कापण्याच्या कामात आड येते.

आज हाच प्रश्न आपल्या मुलांच्या टेबलावर येऊन बसला आहे. २००८ साली 'अ‍ॅपल' कंपनीने कागदी पाकिटातून 'मॅकबुक एअर' हा लॅपटॉप बाहेर काढून दाखवला, आणि पातळपणा हेच संगणकाचे सौंदर्य ठरले. २०१२ साली त्याच कंपनीच्या रेटिना पडद्याच्या 'मॅकबुक प्रो'मध्ये मेमरी मदरबोर्डवर डाख देऊन कायमची जोडली गेली. बॅटरीही चिकटवली गेली. पुढे इतरांनीही तोच कित्ता गिरवला.

ह्या रचनेची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. सुट्या भागांच्या खोबणी जागा अडवतात. एकसंध यंत्र हलके होते. मेमरी प्रोसेसरलगत बसवली, तर काम जलद होते व वीज कमी लागते. रोज एस.टी.ने महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीच्या पाठीवरचे ओझे हलके होत असेल, तर तो लाभ क्षुल्लक म्हणता येणार नाही.

परंतु ह्या सौंदर्याची किंमत कोण मोजतो? आपल्या किनाऱ्यावर खारा वारा आहे, दमट हवा आहे, पावसाळ्यात विजेचा लपंडाव आहे. जोडलेली मेमरी बिघडली, तर बहुधा अख्खा मदरबोर्ड बदलावा लागतो. शिवाय पाच वर्षांनी लागणारी क्षमता आजच विकत घ्यावी लागते. पगारदाराला ते जमते. रापणीवर पोट असलेल्या कुटुंबाला जमत नाही. गरीब माणूस घरही टप्प्याटप्प्यानेच वाढवतो: आधी दोन खोल्या, मग पडवी. पावसाळ्यापूर्वी शाकारणी करताना तो फुटके कौल तेवढे बदलतो. कौल फुटले म्हणून कोणी छप्पर टाकून देत नाही. ज्या वस्तूत भर घालता येत नाही, ती वस्तू गरिबाची ही रीतच नाकारते.

हा विरोध अटळ आहे असेही नाही. अमेरिकेतील 'फ्रेमवर्क' कंपनीने २०२१ साली मेमरी, बॅटरी, पडदा स्वतः बदलता येईल असा पातळ लॅपटॉप विक्रीस आणला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. मात्र, उघडता येणाऱ्या यंत्राचाही सुटा भाग कणकवली-कुडाळच्या बाजारात मिळाला नाही, तर तो हक्क कागदावरच राहील.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात वस्तू फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी सावध केले आहे. त्या संस्कृतीचा आरंभ कचऱ्याच्या ढिगापाशी होत नाही. तो दुकानात, आपण निवड करतो तेथे होतो. म्हणून पालकहो, यंत्राच्या रूपावर भाळण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: हे उघडता येते का? ह्यात पुढे भर घालता येते का? ह्याचे सुटे भाग आपल्या आसपास मिळतात का? ह्या तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर त्याचे देखणेपण अवश्य आनंदाने पाहा.