ऊब किती पुरे?

गेल्या नाताळात आमच्या मंडळीतला एक तरुण इंग्लंडहून ग्वाल्हेरला घरी आला आणि पहिल्याच रात्री कुडकुडला. बाहेरची थंडी तिकडे अधिक; पण तिथे घरात शिरले की अंगात नुसता सदरा पुरतो. इथे स्वेटर, पायमोजे आणि वर रजई. आजी म्हणाली, "अरे, एवढी ऊब लागतेच कशाला? आम्ही काय मरून गेलो?" सगळे हसले. आम्हीही हसलो.

आजीच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. १९७० साली ब्रिटनमधल्या सुमारे पाव घरांतच सगळे घर तापवण्याची सोय होती आणि हिवाळ्यात घरातले सरासरी तापमान १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असे, असा तिथल्या सरकारी अहवालाचा अंदाज आहे. चाळीस वर्षांनी ते १७ अंशांच्या पुढे गेले. तेवढ्यात माणसाचे शरीर बदलले नाही. पूर्वी घरची माणसे एका विस्तवाभोवती बसत. पुढे रिकाम्या खोल्याही तापू लागल्या. २ फेब्रुवारी १९७७ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरदर्शनवर आले आणि घरे दिवसा ६५ व रात्री ५५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १८ व १३ सेल्सिअसवर ठेवा, अशी विनंती त्यांनी केली. काश्मिरी माणूस फेरनाखाली कांगडी धरतो. तो स्वतःला शेकतो, घराला नव्हे. धडधाकट माणसाला एवढे पुरावे, असे आमचे मत आहे.

पण वाचकहो, हे मत आम्ही एकदा भलत्या ठिकाणी लावले. काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका वृद्ध विधवाबाईंच्या भेटीस गेलो होतो. खोलीत हीटर होता, पण बंद. आम्ही त्यांच्या साधेपणाची स्तुती केली. एवढेच नव्हे, तर पुढच्या रविवारी शब्बाथ शाळेत नाव न घेता त्यांचा दाखलाही दिला. मागाहून शेजारणीकडून कळले की, बाई विजेच्या बिलाच्या धास्तीने हीटर लावत नाहीत आणि दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाहीत. आम्ही ज्याला संयम म्हटले, ती निव्वळ टंचाई होती.

थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडतो. आणि म्हातारपणी गारवा पुरता जाणवतही नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड व समशीतोष्ण देशांतील घरांसाठी १८ अंश हे सुरक्षित तापमान सांगितले. वृद्ध, तान्ही मुले व आजारी यांना त्याहून अधिक लागू शकते. (बंद खोलीत कोळशाची शेगडी हा मात्र उपाय नव्हे, तिच्या विषारी वायूने झोपेतच माणसे दगावतात.)

गरिबाचे पांघरूण गहाण घेतले, तर ते सूर्य मावळण्यापूर्वी परत द्यावे, असा निर्गमाच्या २२ व्या अध्यायात दंडक आहे. थंडी सोसायला शीक, असे तिथे ऋणकोला सांगितलेले नाही. बोलणे धनकोशी आहे. "एवढी ऊब कशाला?" हा प्रश्न ज्याच्या रिकाम्या खोल्या तापतात त्याने स्वतःला विचारावा, दुसऱ्याच्या बंद हीटरकडे पाहून त्याचा धडा करू नये.

त्या बाईंचे हिवाळ्यातले बिल आता आम्ही तिघेजण मिळून भरतो. आधी त्या नको म्हणाल्या. त्या हीटर लावतात की नाही हे पाहायला जाणे बरे दिसत नाही. तरी संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून जातो.