गळ्यातली देशाची पाटी

ठाण्यातल्या एका व्याख्यानमालेत आमच्या एका विद्वान मित्रांनी इराणी चित्रकारांचा निकाल लावून टाकला. (मित्र म्हणजे ज्यांचं आणि माझं गेल्या कित्येक वर्षांत एकाही मुद्द्यावर पटलेलं नाही, असे.) विषय होता ‘कला आणि बाजार’. जून २०२५ मध्ये तेहरानवर बॉम्ब पडले तेव्हापासून इराण हा आपल्याकडे कुणीही उठून बोलावं असा विषय झाला आहे, तेव्हा तो भाषणात येणारच होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : दुबई-लंडनच्या कलामेळ्यांत ही मंडळी आपल्या देशाची दुःखं चौकटीत बसवून विकतात. बाईच्या अंगभर ओढलेली काळी चादर, बंदूक, फारसी अक्षरं, की झालं चित्र. उलट आपली वारली कला पाहा, मातीतून आलेली, बाजाराचा वारा न लागलेली. टाळ्या पडल्या. ‘मातीतून’ म्हटलं की ठाण्यात टाळी पडतेच. माती फारशी शिल्लक राहिलेली नाही म्हणून असेल. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नव्हता, आभारप्रदर्शनाला उरला होता. म्हणून हा लेख.

कलामेळा हे प्रकरण मलाही आवडत नाही. तिथे चित्रं बघायला जाणं म्हणजे दादरच्या फूलबाजारात पूजेला बसण्यासारखं आहे. गॅलऱ्या जागेच्या मापानं भाडं भरून गाळे घेतात, सर्वसामान्यांना दारं उघडण्याआधी बड्या ग्राहकांसाठी वेगळी वेळ राखलेली असते, आणि चित्र गेलं तर साधारण निम्मी रक्कम गॅलरीची. आर्ट दुबई २००७ पासून भरतं, दिल्लीचा मेळा २००८ पासून, आणि नोव्हेंबर २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आर्ट मुंबई. आता डोंबिवलीकरालाही दादरला गाडी बदलली की जागतिक कलाबाजार गाठता येतो. पण विकायला ठेवलेली वस्तू विकली जाते, यात एकट्या इराण्यांचाच गुन्हा कोणता, हे मला कळलेलं नाही.

मित्रांच्या मनात बहुधा शिरीन नेशात असाव्यात. ‘विमेन ऑफ अल्लाह’ ही त्यांची १९९३ ते १९९७ दरम्यानची छायाचित्रं : चादरीतल्या बायका, जवळ बंदूक, चेहऱ्यावर आणि तळहातांवर फारसी मजकूर. पाश्चात्त्य प्रेक्षकांपैकी पुष्कळांना तो धर्मग्रंथातला वाटला. प्रत्यक्षात त्यात फरूग फर्रुखजाद यांच्यासारख्या आधुनिक कवयित्रींच्या कविता होत्या. १९९९ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत नेशात यांचा गौरव झाला. त्यांच्या ‘टर्ब्युलंट’ या कलाकृतीत समोरासमोर दोन पडदे आहेत. एकावर पुरुष भरल्या सभागृहासमोर गातो, दुसऱ्यावर बाई रिकाम्या खुर्च्यांसमोर. इराणमध्ये बाईनं पुरुषांसमोर एकटीनं गाण्यावर बंदी आहे, एवढं ठाऊक असलं की अर्थ लागतो. इतका चटकन लागतो, की तो दोष वाटावा. न्यूयॉर्कला बसून परदेशी गिऱ्हाइकाला हवी तशी इराणी बाई दाखवते, हा आरोप नेशात यांच्यावर आधी इराण्यांनीच केला होता. आमच्या मित्रांनी तो उसना घेतला, पावती न देता.

पण नेशात म्हणजे सगळे नव्हेत. रामीन आणि रोक्नी हाएरीझादेह हे भाऊ आणि त्यांचे सहकारी हेसाम रहमानियान २००९ पासून दुबईत राहतात, ते काही तिथल्या मॉलच्या हौसेनं नव्हे. रामीन यांची चित्रं लंडनच्या साची गॅलरीत लागल्यावर तेहरानमध्ये सरकारी नजर त्यांच्याकडे वळली आणि परत जाणं धोक्याचं झालं. आणि मोनीर फर्मानफर्मायान? शिराझच्या शाह चेराग दर्ग्यातली आरशांची नक्षी पाहून भारलेल्या या बाईंनी आयुष्यभर आरशांचे तुकडे भूमितीत बसवले. १९७९ च्या क्रांतीनंतर देश तुटला, २००४ मध्ये त्या तेहरानला परतल्या, २०१७ मध्ये तिथे त्यांच्या नावाचं संग्रहालय उघडलं. त्यांच्या कामात चादर नाही, बंदूक नाही. भाषणात त्यांचं नावही नव्हतं.

थोडं विषयांतर. देश विकण्याची गोष्ट निघालीच आहे, तर तेहरानचं समकालीन कलेचं संग्रहालय आठवावं. १९७७ मध्ये ते उघडलं, दोन वर्षांत क्रांती झाली आणि तिथली पाश्चात्त्य चित्रं तळघरात गेली. १९९४ मध्ये इराण सरकारनं त्यातलं चित्रकार डी कूनिंगचं ‘वूमन थ्री’ देऊन टाकलं आणि बदल्यात शाह तहमास्पच्या शाहनाम्याची सचित्र पानं घेतली. एका अमेरिकन संग्राहकानं तो ग्रंथ आधीच सुटा करून पानं विकायला काढली होती. अदलाबदल झाली व्हिएन्नाच्या विमानतळावर. २००६ मध्ये तेच ‘वूमन थ्री’ सुमारे पावणेचौदा कोटी डॉलरना विकलं गेलं. आता यात देश विकला कुणी आणि सोडवून आणला कुणी? आमच्या मित्रांच्या ताळेबंदात हा व्यवहार कुठल्या बाजूला मांडायचा, ते त्यांनीच सांगावं.

कलावंताच्या गळ्यात देशाची पाटी अडकवण्याचं हे प्रकरण ज्यांनी मुळातून मांडलं, ते शिल्पकार रशीद अराईन. यांच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, संपादकांनी कात्री आवरावी.

अराईन यांचा जन्म १९३५ चा, कराचीतला. शिक्षणानं सिव्हिल इंजिनियर. १९६४ मध्ये लंडनला गेले आणि तुळया-कैच्यांसारख्या तिरप्या पट्ट्यांच्या चौकटी उभारू लागले, उघड्या, रंगवलेल्या, एकावर एक रचता येणाऱ्या. पाहणाऱ्यांना त्यात इस्लामी जाळ्या दिसत. अराईन यांचा आग्रह की ही इंजिनियराची बांधणी आहे. लंडनच्या गोऱ्या शिल्पकारानं तेच केलं असतं तर त्याला कुणी त्याच्या आजोबांच्या चर्चची खिडकी दाखवली नसती. या एका खुपणाऱ्या काट्यावर त्यांनी सगळा विचार उभा केला. १९८७ मध्ये ‘थर्ड टेक्स्ट’ हे नियतकालिक काढलं. आणि १९८९ मध्ये पॅरिसला ‘मॅजिसियाँ द ला तेर’, म्हणजे पृथ्वीवरचे जादूगार, हे प्रदर्शन भरलं.

झाँ-उबेर मार्तँ यांनी भरवलेलं ते प्रदर्शन मे ते ऑगस्ट चाललं, पाँपिदू केंद्रात आणि ला व्हिलेतच्या मोठ्या दालनात. शंभराहून अधिक कलावंत. साधारण निम्मे युरोप-अमेरिकेचे, निम्मे उरलेल्या जगाचे. जगातली पहिली खरी जागतिक कलाप्रदर्शनी म्हणून तिचे गोडवे आजही गायले जातात. अराईन यांनी लिहिलं ते असं, की पंगत एकच आहे पण ताटं दोन प्रकारची वाढली आहेत. पश्चिमेकडून आलेला प्रत्येक जण आधुनिक, शिकलेला, स्वतःच्या नावाचा. आफ्रिका-आशियातून मात्र शोधून आणलेले बहुतेक जण परंपरेतले, विधींतले, मातीतले. लाहोर, मुंबई, कैरो, लागोसमध्ये तोवर पन्नास वर्षं आधुनिक चित्रकला चालू होती. तिच्यासाठी जागा नव्हती. लेखाचं शीर्षकच झोंबणारं होतं : आमचं ते बाउहाउस (म्हणजे जर्मनीतली आधुनिक कलेची शाळा), इतरांचं ते मातीचं घर. आणि गंमत अशी, की अराईन स्वतः त्याच प्रदर्शनात सहभागी होते. आमच्याकडे असं झालं असतं तर दोन्ही गटांनी त्यांना वाळीत टाकलं असतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी लंडनच्या हेवर्ड गॅलरीत ‘दि अदर स्टोरी’ भरवलं. युद्धोत्तर ब्रिटनमधल्या आफ्रिकी, आशियाई आणि कॅरिबियन कलावंतांचं काम एका छताखाली. गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा त्यात होते. पण काहींनी नकार दिला. मुंबईत जन्मलेले अनीश कपूर त्यांतले एक, आणि शिराझमध्ये जन्मलेल्या शिल्पकार शिराझे हुशियारी या आणखी एक. कपूर यांनी पुढच्याच वर्षी व्हेनिसमध्ये ब्रिटनचं प्रतिनिधित्व केलं. अराईन म्हणत होते, तुम्ही आम्हाला इतिहासातून वगळलंत, म्हणून आम्ही एकत्र उभे राहतो. नकार देणाऱ्यांचं कृत्य सांगत होतं, एकत्र उभं राहिलो की पुन्हा तीच पाटी गळ्यात येते. मला दोन्ही बाजू पटतात. वैचारिक लेखात असं लिहायचं नसतं, तरी लिहितो.

दुबईच्या गाळ्यावरचा तेहरानचा चित्रकार नेमका या दोघांच्या मध्ये उभा आहे. पाटी काढली तर त्याच्याकडे कुणी वळत नाही. ठेवली तर चित्राआधी पाटीच वाचली जाते.

मला इथेच थांबता आलं असतं. अराईन यांचं बोट धरून मित्रांचा पराभव झालाच होता. पण १९८९ च्या त्या पॅरिसच्या यादीत एक नाव आपल्या घरचं आहे, आणि त्या नावापाशी अराईन मला पुरेनासे होतात. जिव्या सोमा म्हसे, गाव गंजाड, तालुका डहाणू. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. अराईन यांच्या हिशेबात म्हसे ‘मातीच्या घरा’कडचे. आमच्या मित्रांच्या हिशेबातही तिकडचेच, फक्त त्यांना ते घर आवडतं.

पण म्हसे यांनी केलं काय, ते नीट पाहावं. वारल्यांमध्ये भिंतीवर चौक लिहिण्याचं काम बायकांचं. लग्न असलं की सवाशिणी शेणा-गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढणार, त्यात पालघट देवी, आणि धवलेरी गाणार. कार्य झालं की चित्राचं काम संपलं. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामासाठी या पट्ट्यात फिरले, कागद आला, आणि या पुरुषानं लग्न नसताना, देवी नसताना, रोज चित्रं काढायला सुरुवात केली. अख्खा कागद व्यापणारं मासेमारीचं जाळं काढलं. १९७५ मध्ये ही चित्रं मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये लागली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विधीतून चित्र बाहेर काढणं, बायकांचा हक्क मोडणं, भिंत सोडणं, स्वतःच्या हौसेसाठी रेघ ओढणं. याला आधुनिक म्हणायचं नाही तर कशाला? आणि ‘बाजाराचा वारा न लागलेली’ ही कला आपल्यापर्यंत पोचली ती कागदावर विकायला काढली म्हणूनच. बाजार नसता तर मित्रांना ती लग्नाचं बोलावणं आलं तरच दिसली असती.

२००३ मध्ये इंग्लंडचे कलावंत रिचर्ड लाँग गंजाडला येऊन गेले, आणि दोघांचं एकत्र प्रदर्शन ड्युसेलडॉर्फला झालं. तिथल्या संग्रहालयाचे प्रमुख तेव्हा तेच मार्तँ होते. लाँगही मातीनं भिंती रंगवतात. त्यांच्या मातीला मात्र कुणी इंग्लंडची परंपरा म्हणत नाही.

बाजार निष्पाप आहे, असं मी म्हणत नाही. पॅरिसच्या त्याच यादीतला गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी काम करत असताना तिथेच आत्महत्या करून गेला. त्या प्रकरणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. आमच्या मित्रांनी ते वाचलं असतं तर त्यांचं भाषण निदान रागाचं तरी झालं असतं. नुसत्या कौतुकानं भरलेलं बाजारविरोधी भाषण मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि परदेशाला नावं ठेवण्याआधी घोडबंदर रोडवरून एक चक्कर मारावी. टॉवरांच्या लॉब्या, पुलांचे खांब, शाळांच्या कुंपणभिंती, सगळीकडे पांढऱ्या रेघांचा तारपानाच चालू आहे. खाली सही कुठे आहे? पॅरिसनं म्हसे यांना जमातीचा नमुना म्हणून पाहिलं असेल, पण नाव लिहिलं होतं. इथे छाप्यानं मारलेलं चित्र ठेकेदाराच्या बिलात ‘भिंत सुशोभीकरण’ म्हणून जातं. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हे त्या ठेकेदाराला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आणि येऊरच्या पाड्यांवर, ठाणे शहराच्या हद्दीतच, वारली माणसं राहतात. त्या टॉवरमध्ये ती आली तर रखवालदार आधी वहीत नोंद करायला लावील.

पाटी कशी चालते हे बघायला दुबईला जायची गरज नाही, कल्याणच्या पुढे आंबिवलीला उतरलं तरी पुरे. तिथल्या इराणी वस्तीतली माणसं कित्येक पिढ्या इथली आहेत. वर्तमानपत्रात मात्र ती सोनसाखळी आणि पोलिसांची धाड या दोनच मथळ्यांखाली येतात. गुन्हा एकाचा, मथळ्यात वस्ती सगळी. एका टोकाला तोच देश चित्राची किंमत वाढवतो, दुसऱ्या टोकाला पोराला भाड्यानं खोली मिळू देत नाही.

आता घरचंच आणखी एक उदाहरण, चित्रकार सुधीर पटवर्धन. १९७५ पासून तीस वर्षं ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलं आणि ठाण्याचीच माणसं रंगवली. ‘इराणी रेस्टॉरंट’ १९७७ चं. नंतर ‘पोखरण’, ‘उल्हासनगर’. कामगार, नाले, टेकडी कापून उभ्या राहिलेल्या इमारती. ही चित्रं कुणी कामगारानं विकत घेतली नाहीत, तीही संग्राहकांकडेच गेली. तरी पटवर्धन आपल्या शहराचं दुःख विकतात, असं आमच्या मित्रांनी कधी म्हटलेलं नाही. उलट त्यांना ते सामाजिक भान वाटतं, आणि तसं ते आहेच. मग तेहरानच्या चित्रकारानं आपल्या गल्लीतलं काढलं की त्याचा माल कसा होतो?

पटवर्धनांनी या गुंत्यावर भाषण केलं नाही, काम केलं. २००८-०९ मध्ये समकालीन भारतीय कलेचं एक प्रदर्शन निवडून ते महाराष्ट्रातल्या शहराशहरांत फिरवलं, जिथे मूळ चित्र समोर पाहायची सोय नव्हती तिथे. मेळ्याला याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. पण त्यामागे पैसा होता बोधी आर्ट या गॅलरीचा, म्हणजे भारतीय चित्रांच्या तेजीत वर आलेल्या बाजाराचाच. मंदी आली आणि त्या गॅलरीनं आपला पसारा आवरला. त्या शहरांतल्या पोरांनी एक अस्सल चित्र हाताच्या अंतरावरून पाहिलं ते सिंगापूर-न्यूयॉर्कला झालेल्या विक्रीच्या जोरावर. हा हिशेब अराईन यांच्या लेखात बसत नाही, माझ्या मित्रांच्या भाषणात तर मुळीच नाही. मलाही तो पुरता बसवता आलेला नाही. त्यांना जमत असेल तर पुढच्या अंकात त्यांनी लिहावं, पानं मी माझ्या वाटणीची सोडायला तयार आहे. फक्त इराणच्या दहा चित्रकारांची आणि गंजाडच्या पाच चित्रकारांची नावं आधी लिहून दाखवावीत.