आजचे मनन : भरवसा कोणावर?

वाचन : स्तोत्र १४६



प्रियांनो, मोताळ्यात आमची मंडळी लहान. रविवारी एका घरी पंचवीस-तीस जण जमायचो. दोन वर्षांपूर्वी आमचे पाळक दुसऱ्या जिल्ह्यात गेले. पुढच्या रविवारी आम्ही अकरा होतो, त्याच्या पुढच्या रविवारी सहा. एका काकूंना विचारायला घरी गेलो, तर म्हणाल्या, "भाऊ, साहेबच गेले, आता कायले यायचं?"

मला राग आला. पण खरं सांगतो, माझी गत वेगळी नव्हती. त्याच पावसाळ्यात एका रात्री मुलाला सणकून ताप भरला. बुलढाण्याला नेताना राजूर घाटात मी सारखा पाळकांना फोन लावत होतो. लागत नव्हता. मुलगा बायकोच्या मांडीवर. ती म्हणाली, "अहो, तुम्हीच करा ना प्रार्थना." मला शब्द सुचेना. सोळा वर्षं विश्वासात असलेला माणूस मी! मुलगा चार दिवसांत बरा झाला, देवाची स्तुती असो. पण तो घाट अजून डोळ्यांपुढून जात नाही.

या स्तोत्राच्या तिसऱ्या-चौथ्या वचनात मोठ्या माणसांवर भिस्त ठेवू नका असं सांगितलं आहे, आणि कारण काय दिलंय ते पाहा. ती माणसं वाईट असतात म्हणून नाही, तर त्यांचा श्वास जातो म्हणून. चांगला माणूससुद्धा मातीला मिळतो, आणि त्याचे बेत त्याच दिवशी संपतात.

इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, प्रेम दिलं. पण चर्चचे अधिकारी सांगतील तेच मानायचं, याला रमाबाई तयार नव्हत्या. पुरोहितांचं एक जू मानेवरून उतरवून आले, आता दुसरं कशाला घेऊ, असा त्यांच्या पत्रांतला सूर आहे. त्या स्वतः शास्त्र वाचत राहिल्या. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. आपल्या बायामाणसांना ते स्वतः वाचता यावं हीच तळमळ.

१९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. केडगावच्या मुक्ती मिशनचं काम तीच पुढे नेणार होती. आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या. माणसाच्या हिशेबाने सगळं संपलंच. पण मुक्तीचं काम आजही चालू आहे. अनाथ आणि विधवा यांना सांभाळणारा कोण, ते याच स्तोत्राच्या नवव्या वचनात वाचा. (रमाबाईंचं नाव घेतानाही जपावं लागतं बरं का, आपण त्यांनाच देव्हाऱ्यात बसवायचो!)

मग पुढाऱ्यांना मानायचंच नाही का? तसं नाही. इब्री १३:७ मध्ये त्यांची आठवण ठेवायला सांगितलं आहे. पण १ करिंथ ३ मध्ये पौल स्वतःला आणि अपुल्लोसला शेतातले गडी म्हणतो. आपण मोताळ्याचे लोक, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. मृगात पेरणी करणाऱ्याला आपण मजुरी देतो, चहा देतो, त्याचा मान ठेवतो. पण पेरून झाल्यावर नजर आभाळाकडे असते.

पाळकांना मी आजही फोन करतो, फक्त आता आधी गुडघ्यावर जातो. रविवारी आम्ही नऊ जण असतो. पाळीपाळीने एकेक जण अध्याय वाचतो, अडखळत का होईना. त्या काकूही परत येतात. गेल्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना केली, दोनच वाक्यं, तीही वऱ्हाडीत.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या पाळकांना तू सांभाळ. आणि फोन लागत नाही तेव्हा तुझं नाव आमच्या तोंडी येऊ दे. येशूच्या नावात, आमेन.