धाकट्या विमान कंपन्या आणि ज्येष्ठतेचे वचन

शीळफाट्यावर चार रस्ते एकमेकांना मिळतात. मुंब्र्यावरून ठाण्याला, काटईवरून डोंबिवली-कल्याणला, महाप्यावरून नव्या मुंबईत आणि तळोज्यावरून पनवेलला जाणाऱ्या या रस्त्यांवर ज्यांच्या आयुष्याचे तासन्‌तास खोळंब्यात जातात त्या चाकरमान्यांत आता एका नव्या वर्गाची भर पडू लागली आहे. 25 डिसेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. आणि ज्या विमान-कर्मचाऱ्याला आजवर अंधेरी-सांताक्रूझच्या आसपास बिऱ्हाड थाटण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्याला काटई-निळज्याच्या पट्ट्यातील घर सोयीचे वाटावे हे स्वाभाविकच आहे. विमानांशी या टापूचा संबंध तसा जुनाच. हाजीमलंगच्या वाटेवर नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली, आणि त्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून 2017 च्या जूनमध्ये तिथल्या वारसांनी रस्त्यावर येऊन जो संघर्ष केला त्याची आठवण अद्याप ताजी आहे. पण तो निराळा आणि स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मला लिहायचे आहे ते वैमानिकांच्या नोकरीविषयी. आणि त्यातही ज्या धाकट्या कंपन्या कोल्हापूर, नांदेड, जळगाव, सोलापूर, चिपी अशा गावांना मोठ्या शहरांशी जोडतात, त्यांच्या वैमानिकांविषयी. असा एखादा वैमानिक नोकरी सोडून मोठ्या कंपनीत रुजू झाला की पैशाच्या लोभाने तो पळाला, असा निवाडा आपल्याकडे चटकन दिला जातो. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो, आणि तो अन्यायाचा का, हे समजण्यासाठी प्रथम थोडा हिशेब मांडला पाहिजे.

विमानात आसने 50 असोत की 180, पुढे बसणारे वैमानिक दोनच असतात. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर 2019 च्या जानेवारीत सुरू झाली ती 50 आसनांच्या एम्ब्रेअर विमानांनी. गोव्याच्या मोपा विमानतळावरून 2024 च्या मार्चपासून उडणारी फ्लाय91 सत्तरेक आसनांची एटीआर विमाने वापरते. आणि मुंबई-दिल्ली मार्गावरच्या एअरबसमध्ये 180 च्या वर प्रवासी बसतात. परवाना तोच, वैद्यकीय तपासणी तीच, जबाबदारीही तीच. परंतु त्या दोघांचा तनखा एकीकडे पन्नास तिकिटांतून निघायचा आणि दुसरीकडे एकशे ऐंशी तिकिटांतून. त्यातच लहान शहरे हवाईमार्गाने जोडण्यासाठीच्या सरकारी उडान योजनेच्या आरंभी सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी निम्म्या आसनांचे भाडे 2,500 रुपयांवर बांधून दिलेले. सरकारी अनुदान काही तूट भरून काढते, हे खरे. तरीही धाकट्या कंपनीच्या चालकाने कितीही उदार व्हायचे ठरवले तरी मोठ्या कंपनीच्या वेतनाशी बरोबरी करणे त्याच्या आवाक्यातले नसते. ही उणीव त्याच्या दानतीत नाही, विमानाच्या आकारातच आहे.

मग वैमानिकाला धरून ठेवावे कशाने? जुन्या आणि स्थिर कंपन्यांनी याला जे उत्तर शोधले ते म्हणजे ज्येष्ठता. ज्या दिवशी वैमानिक रुजू झाला त्या दिवसाने त्याचा यादीतला क्रमांक ठरतो, आणि पुढे सह-वैमानिकाचा कॅप्टन केव्हा व्हायचा, मोठे विमान केव्हा मिळायचे, कोणत्या शहरी तैनात व्हायचे, दिवाळीत घरी राहायचे की नाही, हे सारे त्या एका क्रमांकावरून ठरत जाते. आज वेतन कमी असले तरी वीस वर्षांनी ते किती होईल याचे हे वचन असते, आणि म्हणूनच त्या क्रमांकाला धक्का लागला की वैमानिक जितका संतापतो तितका तो पगारकपातीनेही संतापत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. विमाने, कार्यालये, बोधचिन्हे एकत्र आली, पण दोन ज्येष्ठता-याद्या एकत्र कशा ओवायच्या याचा निर्णय मात्र लोंबकळत राहिला. पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी 2011 च्या एप्रिल-मे महिन्यांत दहा दिवस संप केला. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला. आणि तरीही 2012 च्या मे महिन्यात पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी जो संप पुकारला तो 58 दिवस चालला. नव्या बोइंग 787 विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांनाही दिले तर आपली कॅप्टनपदाची बढती आणखी लांबेल, हे त्यांचे दुःख होते. त्या दोन महिन्यांत प्रवाशांचे जे हाल झाले त्याचे समर्थन मी करणार नाही; पण आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या यादीच्या भरवशावर काढली ती यादीच कुणीतरी कार्यालयात बसून पुन्हा लिहीत आहे, हे पाहून माणूस शांत राहील, अशी अपेक्षा करणाऱ्याने स्वतःच्या नोकरीतील सेवाज्येष्ठतेचा क्षणभर विचार करावा.

आता हेच वचन धाकट्या कंपनीने द्यायचे म्हटले तर काय होते ते पाहा. वैमानिकाला 65 व्या वर्षापर्यंत प्रवासी विमान चालवता येते, म्हणजे त्याची कारकीर्द चाळीस वर्षांची. आणि उडान योजनेत एखाद्या मार्गाला अनुदान मिळते ते तीन वर्षे. 2017 च्या डिसेंबरात एअर डेक्कनने मुंबई-जळगाव सेवा मोठ्या गाजावाजाने सुरू केली, ती अनियमित होत होत बंद पडली आणि पुढे कंपनीही उरली नाही. नांदेडला हैदराबादशी जोडणारी ट्रूजेट 2022 मध्ये थांबली. अलायन्स एअरची मुंबई-चिपी सेवा 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाली आणि तीन वर्षांची मुदत भरताच 2024 च्या ऑक्टोबरात संपली. कंपनीलाच जिथे चौथ्या वर्षाची खात्री नाही, तिथे विसाव्या वर्षीच्या बढतीचे वचन तिने कोणत्या तोंडाने द्यावे, आणि वैमानिकाने त्यावर विश्वास तरी कसा ठेवावा? धाकट्या कंपनीतून वैमानिक निघून जातात याचे मूळ मला इथे दिसते. वेतनातील फरक हे तात्कालिक निमित्त. खरा अभाव आहे तो भविष्यकाळाचा.

शासनाने या प्रश्नावर जो तोडगा काढला तो मात्र बंधनाचा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2005 मध्ये वैमानिकांसाठी सहा महिन्यांची नोटीस सक्तीची केली आणि 2017 मध्ये कॅप्टनसाठी ती मुदत एक वर्षावर नेली. सह-वैमानिकासाठी ती सहा महिनेच राहिली. मुदत न पाळता निघून जाणे सार्वजनिक हिताविरुद्ध ठरते, अशी या नियमामागची भूमिका. वैमानिकांच्या संघटनांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. पण व्यवहारात नियमाचा दरारा किती, हे 2023 च्या सप्टेंबरमध्ये दिसले. तेव्हा अकासा एअर या मुंबईतल्या नव्या कंपनीचे 43 वैमानिक मुदत पुरी न करताच बाहेर पडले, शेकडो उड्डाणे रद्द झाली, आणि कंपनीने त्यांपैकी काहींवर मुंबई उच्च न्यायालयात नुकसानभरपाईचे दावे लावले. कंपनीचे नुकसान खरे होते, आणि विमानतळावर ताटकळलेल्या प्रवाशाचेही. करार मोडणे योग्य, असे मी म्हणणार नाही. पण 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान उतरले तेव्हा कित्येक महिन्यांचे थकलेले वेतन डोक्यावर घेऊन घरी बसलेल्या वैमानिकांना कोणी वर्षाची नोटीस दिली होती? 2024 च्या वसंतात विस्तारा या विमान कंपनीने नव्या करारनाम्यात हमीच्या वेतनासाठी धरलेले तास 70 वरून 40 वर आणले, तेव्हा वैमानिकांच्या नाराजीने उड्डाणांचे वेळापत्रक आठवडाभर कोलमडले. मुदतीचे बंधन एका पक्षावर आणि अटी बदलण्याची मोकळीक दुसऱ्या पक्षाला, असा करारनामा फार दिवस टिकत नाही.

काटईजवळच्या एका गृहसंकुलात राहणाऱ्या एका तरुण सह-वैमानिकाने मला आपली हवाई नोंदवही दाखवली. आडव्या पानांची, कापडी पुठ्ठ्याची वही. प्रत्येक ओळीत तारीख, विमानाची नोंदणी, कुठून कुठे, दिवसाचे तास, रात्रीचे तास, आणि पानाच्या तळाशी बेरीज. पहिली पाने धुळ्याच्या प्रशिक्षण धावपट्टीवरची, दोनशे तास पुरे होऊन व्यावसायिक परवाना मिळेपर्यंतची. त्यासाठी डोंबिवलीचे वडिलोपार्जित घर बँकेकडे तारण आहे. पुढची पाने एटीआरची. पावसाळ्यातल्या नोंदींवर बोट ठेवून तो सांगत होता, की घाटावर ढग उतरलेले असताना लहान धावपट्टीकडे यायचे, धावपट्टी दिसलीच नाही तर परत वर जायचे, आणि दिवसातून चार-सहा वेळा हे करायचे, यात जी नजर तयार होते ती मोठ्या विमानाच्या लांब फेरीत वर्षभरातही होत नाही. वरिष्ठ परवान्यासाठी लागणाऱ्या 1,500 तासांकडे त्याची बेरीज सरकते आहे. ती पुरी होताच तो जाणार, हे त्याला ठाऊक आहे आणि त्याच्या कंपनीलाही.

ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतीत राब भाजून आवणात रोपे वाढवतात आणि मग लावणी करतात. आवण एकाचे आणि लावणी दुसऱ्याच्याच शेतात, असे दरवर्षी होत गेले तर आवण करणारा किती दिवस तग धरेल? धाकट्या कंपनीचे नेमके हेच होते. अननुभवी माणसाला अनुभवी करण्याचा खर्च ती सोसते, त्यातला जोखमीचा काळही तीच सोसते, आणि पीक मोठी कंपनी नेते. या अर्थी वैमानिकाचा अनुभव ही केवळ त्याची खासगी मिळकत नाही, तशी ती कंपनीचीही नाही. तिच्यात उडान योजनेच्या अनुदानाचा, म्हणजे सर्वांचाच वाटा आहे.

हा प्रश्न दुर्लक्षिला तर काय होते हे अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. 12 फेब्रुवारी 2009 रोजी कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान बफेलो शहराजवळ कोसळून 50 माणसे मृत्युमुखी पडली. अपघाताचे कारण चौकशीत वैमानिकाच्या चुकीच्या प्रतिक्रियेत सापडले. पण त्याच चौकशीत हेही उघड झाले, की सह-वैमानिकेची वार्षिक कमाई सुमारे 16,000 डॉलर होती आणि नोकरीच्या शहरी राहणे न परवडल्यामुळे ती देशाच्या दुसऱ्या टोकावरून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. त्यानंतर 2013 मध्ये सह-वैमानिकासाठीही 1,500 तासांची अट आली, माणसांचा तुटवडा पडला, आणि अखेर 2022 मध्ये तिथल्या प्रादेशिक कंपन्यांना वेतन भरघोस वाढवावे लागले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काही प्रादेशिक कंपन्यांच्या वैमानिकांना मोठ्या कंपनीत क्रमाने जागा मिळण्याचा करार तिथे लेखी असतो. लहान विमानावर घालवलेला काळ त्यामुळे वाया जात नाही, आणि उद्या कोण जाणार हे कंपनीलाही आधी कळते.

अशी शिडी आपल्याकडे बांधता आली असती. अलायन्स एअर ही एअर इंडियाचीच उपकंपनी होती. परंतु 2022 च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स सरकारकडे राहिली, आणि थोरली-धाकटी हे नातेच तुटले. ते नाते आता करारानेच पुन्हा जोडावे लागेल. माझ्या मते नोटिशीची मुदत वाढवण्यापेक्षा तीन गोष्टी अधिक उपयोगी ठरतील: प्रादेशिक कंपनीत ठरावीक वर्षे काढणाऱ्याला मोठ्या कंपनीत लेखी हमीची जागा, तिथे त्याचा क्रमांक ठरवताना त्या वर्षांची गणना, आणि जी मोठी कंपनी असा तयार वैमानिक घेते तिने त्याला घडवणाऱ्या कंपनीला द्यायचा ठरीव मोबदला, जो वैमानिकाच्या बाँडमधून किंवा पगारातून वसूल होता कामा नये. मोठ्या कंपन्या याला विरोध करतील. आम्ही दुसऱ्याचा खर्च का उचलावा, असे विचारतील. पण प्रमुख मार्गांवरील उड्डाणांवर अधिभार लावून प्रादेशिक मार्गांसाठी निधी उभा करण्याची व्यवस्था उडान योजनेत पहिल्यापासूनच आहे, आणि त्या कंपन्या तो भरतही आल्या आहेत. त्या निधीतून रिकाम्या आसनांची तूट भरली जाते. वैमानिक घडवण्याचा खर्च त्यात अद्याप धरलेला नाही.