दोन लक्ष बोंडांचे मोल

दिवाळी सरून आठ-दहा दिवस झाले होते, कापसाची दुसरी वेचणी चालू होती, आणि वरोऱ्यातील आमच्या घराच्या ओट्यावर दिवेलागणीच्या सुमारास जी बाई येऊन बसली तिच्या प्रश्नाचे उत्तर, पस्तीस वर्षे शाळेत अंकगणित शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसाला, पाच मिनिटांत देता येईल असे मला प्रथम वाटले. नवरा वारल्यानंतर झालेल्या फेरफाराने तिच्या नावावर दोन एकर कोरडवाहू वावर आले आहे. स्वतःचे काम आटोपले की उरलेले दिवस ती दुसऱ्यांच्या वावरात वेचायला जाते. पदराने हात पुसत ती म्हणाली, "गुरुजी, मोबाईल घेऊ का जी? मोठा, बोटानं चालते तो. दहा हजाराचा हाये म्हणते पोरगं. घेनं बरं का न घेनं बरं, तुमीच सांगा."

मी कागद घेतला. त्या हंगामात आमच्या बाजूला वेचाई किलोमागे दहा रुपयांच्या आसपास होती, म्हणजे दहा हजारांसाठी तिला दहा क्विंटल कापूस बोटांनी वेचावा लागेल. आणि एका बोंडातून चार-पाच ग्रॅम कापूस निघतो असे धरले तर त्या रकमेत दोन लक्षांहून कमी बोंडे बसत नाहीत. दोन लक्ष वेळा पुढे जाणारा हात, आणि प्रत्येक वेळी नखाशेजारच्या मऊ कातडीत रुतणारे बोंडाचे वाळलेले टोक! दुकानातल्या पाटीवर किंमत रुपयांत लिहिलेली असते आणि रुपयाच्या अंगावर तो कोणत्या श्रमातून आला याची नोंद नसते. म्हणून महिन्याकाठी वेतन घेणाऱ्याचे दहा हजार आणि वेचणाऱ्या बाईचे दहा हजार हे वहीत सारखे दिसले तरी त्यांचे मोल सारखे नाही, एवढे तरी त्या कागदाने मला दाखविले.

पण कागदाची दुसरी बाजूही भरावी लागली. पीक पाहणी हे पूर्वी पटवाऱ्याचे काम होते. तो बांधावर येई, किंवा न येता दप्तरातच नोंद करी, पण जबाबदारी त्याची असे. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या वावरात उभे राहून मोबाईलने पिकाचे छायाचित्र काढून नोंद करण्याचे काम खातेदाराकडे आले. ज्याच्याजवळ साधन नाही त्याच्यासाठी सहायकाची सोय आहे, शेजाऱ्याच्या फोनवरूनही नोंद होते. परंतु या बाईची नोंद गेल्या वर्षी अशाच एका परक्या हाताने झाली आणि कापसाच्या जागी सोयाबीन लागले. सातबाऱ्यावर कापूस नसेल तर हमीभावाने खरेदी होत नाही. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, त्यासाठी कापूस महामंडळाच्या 'कपास किसान' या अ‍ॅपवर आधी नावनोंदणी करावी लागत होती, आणि गावात येणारा व्यापारी तिला त्याहून हजार रुपये कमी देऊ करीत होता. तिचा माल आठ क्विंटलांचा. म्हणजे आठ हजारांचा फरक. फोनची बहुतेक किंमत एका हंगामात वसूल होते, हे गणित निर्विवाद आहे.

असे असताना 'घे' हा शब्द माझ्या ओठांवर का अडखळला, याचाच विचार मला येथे करावयाचा आहे.

वरोरा हे गाव दोन दिशांच्या मध्ये वसलेले आहे. उत्तरेकडे वर्धा, सेवाग्राम आणि पवनार. तिथे ऐन तारुण्यात मी विनोबांच्या पायाशी बसलो आणि अपरिग्रह हा शब्द घेऊन घरी आलो. 1950 च्या सुमारास त्यांनी पवनारला आरंभिलेला कांचनमुक्तीचा प्रयोग, पैशाचा आधार सोडून केवळ हातांच्या श्रमावर जगण्याचा तो निर्धार, तोपर्यंत जुना झाला होता. परंतु त्याची आठवण सांगणारी माणसे होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान मी पाहिले आहे. तेव्हापासून कोणतीही वस्तू घरात आणताना मी योगसूत्रांवरील व्यासभाष्याचा आधार घेत आलो. अपरिग्रह का करावा, तर विषयांच्या अर्जनात, रक्षणात, क्षयात, संगात आणि हिंसेत दोष दिसतो म्हणून, असे भाष्यकार सांगतो. या पाच कसोट्यांवर आजचा मोबाईल लावून पाहिला म्हणजे त्या प्राचीन मुनीच्या दृष्टीचे आश्चर्य वाटते. अर्जनाचे दुःख दोन लक्ष बोंडांत मोजून झाले. रक्षणासाठी दर अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज करावा लागतो, म्हणजे वर्षात तेरा वेळा. आपल्या पंचांगात अधिक मास सुमारे तीन वर्षांतून एकदा येतो, मोबाईलच्या पंचांगात तो दरवर्षी येतो. क्षय तर अटळच, कारण चार-पाच वर्षांत बॅटरी थकते आणि धडधाकट यंत्रही नव्या अ‍ॅपला अपुरे पडू लागते. हिंसेसाठी दूर पाहण्याची गरज नाही, जरी दूरही ती आहे: बॅटरीतल्या कोबाल्टपैकी निम्म्याहून अधिक काँगोच्या खाणींतून येतो आणि तेथे मुलेही माती उपसतात. पण आमच्या या जिल्ह्याने कोळशासाठी आपली वावरे आणि आपली वने दिली आहेत. चंद्रपूरच्या 2,920 मेगावॉटच्या औष्णिक केंद्राची राख ज्यांच्या छपरावर पडते त्यांना रात्री भिंतीला लावलेला चार्जर काय खातो हे निराळे सांगावे लागत नाही.

राहिला संग; आणि तो मला सर्वांत भयावह वाटतो. चार वर्षांपूर्वी मुलाने मला असा फोन आणून दिला. पहाटेचा एक तास मी आयुष्यभर ज्ञानेश्वरीसाठी राखून ठेवला होता, कोणत्याही आजारात, कोणत्याही शोकात तो मोडला नव्हता, आणि या चार वर्षांत तो केव्हा नाहीसा झाला हे मला सांगता येत नाही. तो गेल्याचे दुःख झाले असते तर मी त्याला आवरून धरले असते. दुःख झालेच नाही.

येथे मला कुष्ठरोग्यांसाठी वसविलेले आनंदवन आठवते, कारण ते आमच्या गावाच्या वेशीवर आहे आणि बधिरता म्हणजे काय हे वरोऱ्याच्या माणसाला तिथे शिकायला मिळाले आहे. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी होतात, बोटांची संवेदना जाते. आणि बोटे झडतात ती केवळ रोगाने नव्हे, तर चटका बसल्याचे, काटा रुतल्याचे कळत नाही म्हणून. चुलीवरचे तापलेले भांडे निरोगी हात क्षणात सोडतो, बधिर हात धरून ठेवतो. म्हणून अशा रोग्याला शिकवतात की दररोज आपले हात आणि पाय डोळ्यांनी पाहावेत, उलटसुलट करून, बोट न् बोट. त्वचेने जे सांगायचे ते आता डोळ्यांकडून ऐकायचे. संगाची जात हीच आहे. तो टोचत नाही. ज्याचे चित्त तासन्‌तास एका काचेवर ओढले जाते त्याला वेदना होत नाहीत, उलट बरे वाटते, आणि कठोपनिषदात नचिकेत्यापुढे मांडलेला श्रेय आणि प्रेय यांचा भेद त्याच्या त्वचेला कळेनासा होतो. अशा माणसाला उपदेशाचा उपयोग नाही. त्याला रोज संध्याकाळी आपला दिवस उलटसुलट करून डोळ्यांनी पाहावा लागेल. मी गेले काही महिने ते करतो आहे. अर्धा तास परत मिळाला आहे.

पण ही माझी कैफियत झाली. ती त्या बाईला लागू करावी काय?

महात्मा गांधींना 1924 मध्ये रामचंद्रन या विद्यार्थ्याने यंत्रांविषयी छेडले, तेव्हा त्यांनी शिवणयंत्राला, सिंगरच्या त्या यंत्राला, आपल्या विरोधातून वगळले. त्याच्या मुळाशी पत्नीचे कष्ट पाहून कळवळलेले एक मन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे वस्तू मोजायची ती तिच्या चाकांवरून नव्हे, ती कोणाचे कष्ट हलके करते यावरून. या कसोटीला मोबाईल अर्धा उतरतो. मात्र शिवणयंत्र आळीत एक असले तरी चार घरांचे कपडे शिवून होतात. आमच्या आईच्या काळी जाते, शिडी, उखळ ही अर्ध्या मोहल्ल्याची असत आणि त्यांत कोणाला परिग्रहाचा दोष लागत नसे. मोबाईलची घडणच एकट्यासाठी आहे: सिमकार्ड एकाच्या नावावर, बँकेचा ओटीपी एकाच क्रमांकावर, अंगठा एकाचाच. पाच बायांनी मिळून एक घ्यावा हा विचार तिनेच बोलून दाखविला होता आणि तिनेच तो सोडून दिला, कारण "पैशाचा मेसेज दुसरीच्या हाती कसा द्यावा जी?"

आणि मग दक्षिणेकडची दिशा. 16 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. या बाईचे सासरे त्या दीक्षेच्या मैदानावर होते. 1950 च्या आपल्या एका लेखात, धर्म कसा असावा हे सांगताना, बाबासाहेबांनी एक अट घातली आहे की धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. ही अट मी पवनारच्या ओसरीवर ऐकली नव्हती. बुद्धाच्या भिक्षूजवळ तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे फडके, एवढे आठच परिष्कार असत. परंतु तो नियम ज्याने घर सोडले त्याच्यासाठी होता, ज्याला घर मिळालेच नाही त्याच्यासाठी नव्हता. माझा अपरिग्रह पेन्शनीवर उभा आहे. मी फोन ठेवून दिला तर माझे काही अडत नाही; माझी नोंद मुलगा करील, बँकेत मला खुर्ची मिळेल. तिने फोन घेतला नाही तर तिच्या वावरात सोयाबीन लागते. ज्याला घेण्याचा अधिकार आहे त्यानेच सोडण्यात व्रत आहे. ज्याला सोडण्याची मुभाच नाही, कारण सरकारदप्तराचा दरवाजा त्या काचेतूनच उघडतो, त्याच्यापुढे व्रताचा शब्द काढणे हा मी अन्याय समजतो. दहा हजार भरून ती वस्तू विकत घेत नाही. जी नोंद कालपर्यंत राज्याने तिच्याकडे चालत येऊन करावयाची होती तिच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता ती स्वखर्चाने बांधते आहे. 2021 मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट फोन परत केले, तेव्हा सरकारी कामाच्या साधनाचा भार कोणी सोसावा, हाच प्रश्न त्यांनी अधिक स्पष्ट शब्दांत विचारला होता.

बाबा आमटे वरोऱ्यात वकिली करीत होते, नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, आणि ती प्रतिष्ठा बाजूला ठेवून मैल्याची टोपली डोक्यावर घेणारे झाले. तो त्याग होता, कारण सोडण्यासारखे त्यांच्याजवळ होते. पण 1951 मध्ये सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन ते आनंदवनाच्या त्या खडकाळ माळावर गेले, तेव्हा त्या सहा जणांना त्यांनी त्याग शिकविला नाही. त्यांच्या हातांत अवजारे दिली, आणि त्या हातांनी विहीर खोदली. वर्धा आणि चंद्रपूर यांच्या मधोमध उभे राहून, स्वतःसाठी एक न्याय आणि दुर्बलासाठी दुसरा, असे दोन्ही एकाच आयुष्यात पाळणारा मनुष्य आमच्या गावाने पाहिला असताना मला हे समजायला पंचाहत्तर वर्षे लागली, याची मला लाज वाटते.

मी तिला 'घे' म्हणालो. मग पोराच्या हाती तो किती वेळ द्यावा, रिचार्जचे पैसे कोणत्या डब्यात वेगळे ठेवावे, आणि रोज रात्री आज यात किती वेळ गेला हे दोघांनी मिळून कसे पाहावे, ते सांगत बसलो. ती ऐकत होती, पण तिचे लक्ष माझ्याजवळच्या फोनकडे होते. मी तो तिच्या हाती दिला आणि पडद्यावरच्या चौकोनावर बोट ठेवायला सांगितले. तिने ठेवले. दिवसभर बोंडे वेचून कोरडे पडलेले, भेगाळलेले बोट. काचेला ते कळले नाही. तिने पुन्हा ठेवले, दाबून. मग बोट जिभेवर टेकवून ओले केले, पदराला पुसले, तिसऱ्यांदा ठेवले, आणि पडदा उघडला.

"यात पाहनी कुठं हाये जी?" तिने विचारले.